तीन फेऱ्या आणि वाढलेला आकडा

दारू पिता का, असं मला आयुष्यात एकाच माणसाने विचारलं आहे, आणि तेही आईच्या देखत. मी नाशिकमधल्या एका पालिकेच्या शाळेत चौथीला शिकवणारी बाई. समोर किडनीचे डॉक्टर बसले होते, त्यांच्या हातात माझा रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यांनी पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "मॅडम, कधीमधी थोडी घेता का? संकोच करू नका. मला कारण कळलं पाहिजे."

आई खुर्चीतून अर्धी उठली. "आमच्या घरात कोनी थेंबाला शिवलं नाय आजवर," ती म्हणाली. हे काही खरं नव्हतं. माझे धाकटे चुलते रोज संध्याकाळी शिवायचे. पण ती वेळ चुलत्यांची नव्हती, म्हणून मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, "आजी, बसा. विचारावं लागतं."

दोन हजार साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एकोणतीस वर्षांचा मुलगा, सातपूरला कारखान्यात नोकरी, घरी बायको आणि तीन वर्षांची पोर. आधी पाय सुजले, मग भूक गेली आणि मग एकदम डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. त्याला किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात फार वेळ चाललाच नाही. वडील नव्हते. आईला शुगर होती, ती पहिल्याच दिवशी बाद झाली. भावजयीचा रक्तगट जुळेना. उरले मी. माझा रक्तगट जुळला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाकीचं आता नुसतं कागदपत्रांचं काम राहिलंय.

मी हो म्हटलं होतं. म्हणजे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं. घरातल्या कितीतरी गोष्टी माझ्याकडून अशाच होत आल्या आहेत, त्यात माझं लग्नही आलं.

तर तपासण्या सुरू झाल्या. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, लघवी, रक्त, पुन्हा रक्त. सगळं चोख. एकाच कागदावर दोन आकड्यांसमोर लाल पेनाने गोल केले होते. एसजीओटी आणि एसजीपीटी. पहिला नको इतका वाढलेला, दुसरा त्याच्या मानाने बेताचा. डॉक्टरांनी सांगितलं ते मला आजही पाठ आहे, कारण मी ते घरी येऊन किमान दहा जणांना सांगितलं. लिव्हरच्या पेशींना काही इजा झाली, की त्यांच्या आतली ही द्रव्यं रक्तात उतरतात. म्हणून ती वाढलेली दिसली, की आधी लिव्हरकडे बघायचं. दारू असेल, कावीळ असेल, चरबी असेल, एखादं औषध असेल. पुष्कळदा काही विशेष नसतंही. "पण तुम्ही किडनी देणार आहात," ते म्हणाले. "काही विशेष नसेल, असं धरून मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्या जिवालाही धोका आणि त्याच्याही."

मग माझ्या लिव्हरचा पंचनामा सुरू झाला. कावीळ ब आणि क, दोन्ही नाहीत. सोनोग्राफी स्वच्छ. गोळ्या कोणत्या घेता, तर कोणत्याच नाही. काढे, चूर्ण? नाही. तरी मी सर्दीला घ्यायची तो तुळशीचा काढासुद्धा बंद केला. शेजारच्या काकूंनी मला उन्हात उभं करून डोळ्यांची पापणी खाली ओढली आणि पिवळं काही नाही असं जाहीर केलं. तरीही त्यांनी कावीळ उतरवणाऱ्या एका बाबांचा पत्ता दिला. ते काटक्यांची माळ गळ्यात घालतात आणि ती माळ आपोआप लांब होत जाते म्हणे. मी गेले नाही. पण तेल, हळद आणि शेंगदाणे मात्र सोडले. हळद कशासाठी सोडली ते मला सांगता येणार नाही. पिवळी असते, एवढंच बहुधा. नवरा बिचारा पंधरा दिवस पांढरं वरण जेवला.

आता त्या फेरीचं सांगायला हवं.

भावाला डायलिसिस लागलं त्याच आठवड्यात आईने नवस बोलला होता. लेकीची किडनी लेकाला लागू दे, ब्रह्मगिरीच्या फेऱ्या घालीन. आईचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले, मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडता तोडता. त्यामुळे नवस तिचा आणि पाय माझे, असं ठरलं. त्यात आमच्याकडचा रिवाज असा, की नवस फिटेपर्यंत त्याची वाच्यता करायची नाही. बोललेला नवस उलटतो, असं आई मानायची. त्यामुळे फेरीचं फक्त आम्हा दोघींना ठाऊक. नवऱ्याला मी शाळेच्या कामाचं सांगायची. आणि आईचा दुसरा नियम म्हणजे देवाच्या पायाशी जाऊन आल्याशिवाय मोठ्या तपासणीची सुई लावून घ्यायची नाही. आधी फेरी आणि मग रक्त.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला माणसांचा पूर असतो. कुशावर्तात बुडी मारायची आणि ब्रह्मगिरीला उजवी घालत चालू लागायचं. लहान फेरी म्हणतात तीसुद्धा वीसेक किलोमीटरची, चढउतारांची, चिखलाची. वर्षभर मी फळ्यापासून टेबलापर्यंत चालणारी बाई. वाटेतल्या धाडोशी गावाच्या पुढे माझ्या पिंढऱ्या दगड झाल्या होत्या. रस्त्याकडेला चहा विकणारी एक म्हातारी म्हणाली, "बस गं बाई, लय दमलीस. डोंगर कुठं पळून जात नाय." मी बसले नाही. बसलं तर नवसात खोट राहील असं वाटलं. बुधवारी जाऊन रक्त दिलं. त्याच रक्तात ते दोन आकडे निघाले आणि मी दारू पिते का, याची चौकशी झाली.

खरं सांगायचं तर तो पहिला रिपोर्ट ऐकून मला बरं वाटलं होतं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी महिने कोणाला सांगितली नाही. डॉक्टर म्हणाले, "थांबावं लागेल," आणि माझ्या छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. मला पोट फाडून घ्यायची भीती वाटत होती. माझी मुलगी दहावीला होती. टेबलावरून मी उठलेच नाही तर, हा विचार मला भाजी निवडताना यायचा, हजेरी घेताना यायचा. आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटायची, की मी उठून काहीतरी काम काढायची. नवऱ्याला यातलं काही सांगावं लागलं नाही. तो रिपोर्ट ऐकून म्हणाला, "चला, देवाच्याच मनात नसेल." त्या दिवशी तो एक भाकरी जास्त जेवला. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही भीती वाटत होती, एवढंच.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. तेल नाही, बाहेरचं खाणं नाही, रोज सकाळी ताक. मी अगदी शहाण्यासारखी वागले. आई म्हणाली, पहिल्या फेरीत पायात चपला होत्या, तिथेच चुकलं. म्हणून कार्तिकात दुसरी फेरी अनवाणी घातली. पाऊस संपलेला, चिखल वाळून त्याला धारदार कडा आलेल्या. उतारावर प्रत्येक पाऊल जपून टाकायचं, गुडघ्यावर तोल सांभाळायचा. घरी आले तर मला जिना चढता येईना. दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं, आणि आकडा पहिल्यापेक्षा वर गेला.

आता डॉक्टरही चक्रावले. त्यांनी मला पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नावं घेताना जीभ वळणार नाही अशा आजारांच्या आणखी तपासण्या केल्या. त्याही कोऱ्या आल्या. मला काहीच कळेनासं झालं. मला दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, भूक होती, झोप होती, वजन होतं तेवढंच होतं. आणि तरी कागद म्हणत होता, की आत काहीतरी बिघडलंय. मी वर्गात मुलांना उत्तराचा ताळा करून बघायला शिकवायची. इथे मी ताळा करत होते आणि दर वेळी उत्तर नवंच येत होतं.

मग मला वेगळंच वाटायला लागलं. मीच हे करतेय. मला द्यायची नाही हे माझ्या शरीराला कळलंय आणि ते माझ्या वतीने नाही म्हणतंय. मी तोंडाने हो म्हणते आणि माझं लिव्हर खरं बोलतं. हे वेडेपणाचं आहे हे कळायचं, पण शास्त्राला तरी दुसरं कारण कुठे सापडत होतं?

असं वाटणारी मी एकटी नव्हते. डिसेंबरात एकदा भावाकडे गेले होते. पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळले तर आत भावजय तिच्या बहिणीशी बोलत होती. "मुद्दाम काहीतरी खाऊन जात असतील. नाहीतर धडधाकट बाईचे रिपोर्ट बरोबर त्याच दिवशी कसे बिघडतात?" मी पाणी न पिता मागे फिरले. संताप संताप झाला. पायाच्या भेगा दाखवाव्यात तिला, असं वाटलं, पण नवस बोलून दाखवायचा नव्हता. शिवाय ती काही साफ खोटं बोलत नव्हती. मी खाऊन जात नव्हते, पण पहिल्या रिपोर्टने मला बरं वाटलं होतं हे मला माहीत होतं.

भाऊ तेवढ्या काळात खंगत चालला होता. रंग राखेसारखा झालेला. पाणी मोजून प्यायचा आणि पोरीला उचलून घेतलं तर दम लागायचा. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, की फार लांबवलं तर त्याचं हृदय साथ देणार नाही. तरी थट्टा सुटली नव्हती. "ताई, तुझंच लिव्हर बदलायला लागणार बघ. माझं घे, ते चांगलंय." मी हसायची. एकदा मात्र बाकी सगळे बाहेर गेले होते तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुला नसेल द्यायची तर सांग. मी रागावणार नाही. पण आशेवर ठेवू नकोस." मी म्हटलं, "वेडा आहेस का?" आणि उठून त्याच्या पोरीची वेणी घालायला बसले. खरं उत्तर द्यायची ती वेळ होती आणि मी वेणी घातली.

महाशिवरात्रीला तिसरी फेरी. या वेळी माझाच हट्ट होता. आई म्हणाली होती, "निर्जळी नको करू, मास्तरणी, पडशील कुठंतरी." पण मला करायची होती. माझ्या मनात जे नाही होतं, ते घामाबरोबर काढून टाकायचं होतं. उन्हं तापायला लागली होती. पाण्याचा घोट नाही, पायात काही नाही, आणि मी जवळजवळ पळत होते. दुपारी परत कुशावर्ताला पोचले तेव्हा मांड्या आपोआप थरथरत होत्या. मला वाटलं, आता झालं. आता काही उरलेलं नाही आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. तिन्हींत सर्वांत जास्त.

डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. चढताना मी कठडा धरून कशीबशी गेले. ते बाहेर गेलेत असं कळलं म्हणून खाली उतरायला लागले. उतरणं तर त्याहून वाईट. सरळ पाऊल टाकलं की मांडीतून कळ यायची. मग मी पाठमोरी झाले, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि लहान मूल पलंगावरून उतरतं तशी एकेक पायरी उतरू लागले. डॉक्टर तेवढ्यात खालून वर येत होते. थांबले आणि बघत राहिले.

"मॅडम, हे काय झालं?"

"काही नाही. पाय घसरला."

"दोन्ही पाय घसरले?"

त्यांनी तिथेच जिन्यात वाकून माझ्या मांडीवर अंगठा दाबला. मी किंचाळले. "काल काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, "दारूचं विचारलं तेव्हा सांगितलंत, आणि हे सांगता येत नाही?" मला रडू फुटलं. नवस गेला खड्ड्यात असं मनात म्हणून मी जिन्यातच सगळं सांगितलं. तिन्ही फेऱ्या, अनवाणी, निर्जळी, आणि आधी फेरी मग सुई, हा आईचा नियमसुद्धा.

डॉक्टर आधी हसले आणि मग कठड्याला टेकून नुसते उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी काय पिता ते विचारलं, काय खाता ते विचारलं. काय करून आलात हे विचारलंच नाही." मग त्यांनी सांगितलं, की ही द्रव्यं काही एकट्या लिव्हरची मालमत्ता नाहीत. स्नायूंतही असतात, त्यातून एसजीओटी जास्त. सवय नसलेल्या माणसाने एकदम इतकं चालावं, त्यात उतार असावा, वर पाणी नाही, मग स्नायू दुखावतात आणि त्यांच्यातलं रक्तात उतरतं. कागदाला काय माहीत ते कुठून आलंय? त्यांनी त्याच रक्तातून स्नायूंची एक वेगळी तपासणी करून घेतली, सीपीके नावाची. तिचा आकडा इतका मोठा होता, की प्रयोगशाळेतल्या माणसाने तो दोनदा करून पाहिला.

"आता पंधरा दिवस घरी बसा," डॉक्टर म्हणाले. "भरपूर पाणी प्या. डोंगराकडे बघूसुद्धा नका. मग बघू."

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. श्रावण ते माघ मी मोजले. तेवढे महिने भाऊ सुया टोचून घेत होता आणि मी त्याच्यासाठी चालून चालून त्याचीच वाट अडवत होते. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "देवानं तुला वेळ दिला तयार व्हायला." मी इतकी चिडले, की तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. वेळ मला मिळाला, गेला तो त्याचा, एवढं साधं तिला कळू नये? पण ती माझ्या मनातलं ओळखून तसं म्हणाली होती, की आपलं नेहमीसारखं देवावर घातलं होतं, हे मला अजूनही उमगलेलं नाही. आता विचारायला ती नाही.

ते पंधरा दिवस मी बसून काढले. घरात कोणी मला बादली उचलू देईना. पंधराव्या दिवशी रक्त दिलं. दोन्ही आकडे जिथे असावेत तिथे होते. कुठेही लाल गोल नाही. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुमचं लिव्हर माझ्यापेक्षा चांगलं आहे." आईने तिथेच हात जोडले. भावजयीने येऊन माझे पाय धरले, फेऱ्यांचं तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. मी हुंदके देऊन रडायला लागले आणि सगळे म्हणाले, रडू दे, आनंदाचं आहे.

ते आनंदाचं नव्हतं. इतके दिवस तो आकडा माझ्या पुढे उभा होता आणि मी त्याच्या आड. आता तो बाजूला झाला होता.

कागदपत्रं आणि परवानग्या होता होता मे उजाडला. ऑपरेशन सुट्टीत झालं आणि नीट झालं. भावाची पोर आता कॉलेजात जाते. पण माझ्या लेखी देणं झालं ते त्याच्या आधी, रिपोर्ट आला त्याच दुपारी. मी एकटीच डायलिसिसच्या वॉर्डात गेले. भाऊ पलंगावर होता, हाताला नळ्या लावलेल्या. बातमी त्याला आधीच कळली होती. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा केली नाही.

"घाबरलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"पहिल्यापासून. पहिला रिपोर्ट वाईट आला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

हे त्याच्या तोंडावर बोलून मी उभीच राहिले. तो छताकडे बघत होता. मग तो म्हणाला, "मलापण वाटलं होतं. तुला काही झालं असतं तर मी तुझ्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं?"

मी म्हटलं, "देते. पण घाबरत घाबरतच देणार. चालेल का तुला?"

नळ्या नसलेल्या हाताने त्याने चादर ओढून घेतली आणि पलंगावर मला बसायला जागा केली.